प्रकल्प पाहायचा तर भूमिपूजनाआधी

पुण्यात शहर पायी फिरून दाखवणाऱ्यांची कमतरता नाही. थंडीच्या दिवसांत रविवारी सकाळी शनिवारवाड्यासमोर टोप्या घातलेला, पाठीला सॅक लावलेला एखादा घोळका उभा असतोच. लाल महाल, कसबा गणपती, नाना वाडा, मंडई, तुळशीबाग, विश्रामबागवाडा असा फेरा होतो. वाटाड्या चांगला मिळाला तर कात्रजच्या नळाची हकिगत ऐकायला मिळते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून, भुयारी नळातून केवळ उताराच्या जोरावर पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत आणले, वाटेत ठिकठिकाणी हवेसाठी उच्छ्वास बांधले, पेठांमधले हौद भरले. लोक माना डोलावतात, फोटो काढतात, 'काय दूरदृष्टी होती हो त्या काळी' म्हणतात आणि पोहे खाऊन घरी जातात. घरी जाताना ज्या खणलेल्या रस्त्याला वळसा घालावा लागतो, तो कशासाठी खणलाय हे मात्र त्यातल्या बहुतेकांना ठाऊक नसते.

अठराव्या शतकातल्या पाणीयोजनेचा मार्ग ज्याला तोंडपाठ आहे, त्याला आपल्या प्रभागात पुढच्या दोन वर्षांत काय उभे राहणार हे सांगता येत नाही. यात त्याची बेफिकिरी कमी आणि व्यवस्थेचा आडमुठेपणा जास्त आहे. म्हणून माझे म्हणणे असे की, वारसाफेऱ्या निघतात तशा शहरात प्रकल्पफेऱ्या निघाव्यात. आणि त्या प्रकल्प कागदावर असतानाच, हरकती-सूचनांच्या मुदतीत निघाव्यात. कुणा उत्साही अधिकाऱ्याची बदली होईपर्यंत चालणारा उपक्रम म्हणून नको. निविदा काढण्याआधी जशा तांत्रिक मंजुऱ्या लागतात, तशीच ही एक पायरी असावी.

उद्घाटनानंतर बघे जातात, नाही असे नाही. 6 मार्च 2022 रोजी वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली, तेव्हा कितीतरी कुटुंबे कुठेही जायचे नसताना नुसती बसून यायला गेली. जिल्हा न्यायालयाचे भुयारी स्थानक जमिनीखाली 33 मीटर आहे. मुलांना तिथले सरकते जिने दाखवायला लोक आजही नेतात. जंगली महाराज रस्त्याचा रुंद पदपथ नियोजनाच्या विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवला जातो. यात वाईट काही नाही. पण अशा फेरीत माणूस पाहुणा असतो. 'कसे केले?' आणि 'केवढ्याला पडले?' हे दोन प्रश्न तो विचारू शकतो. 'इथेच का?' हे विचारायची वेळ गेलेली असते, आणि विचारलेच तर तो कुजकटपणा ठरतो.

ही वेळ कधी असते, ते कायद्यात लिहिलेले आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 प्रमाणे विकास आराखड्याचा मसुदा राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत जाहीर होतो, नकाशे पाहायला ठेवले जातात, ठरावीक मुदतीत लेखी हरकती घेतल्या जातात. मग स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सरकारने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ अशी नियोजन समिती सुनावणी घेते. व्यवस्था कागदावर वाईट नाही. 2013 मध्ये पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्याचा मसुदा आला तेव्हा सुमारे 87 हजार हरकती दाखल झाल्या. पुणेकर घरात बसून नावे ठेवतात, हा आरोप खरे तर तिथेच निकालात निघायला हवा होता. आता हिशेब करा. एका हरकतीला पाचच मिनिटे दिली आणि समिती रोज 8 तास बसली, तरी 900 दिवस लागतात. म्हणून सारख्या हरकती गठ्ठ्याने ऐकाव्या लागतात, आणि ज्याची हरकत गठ्ठ्यात बसत नाही तो 'तुमचे म्हणणे नोंदवले' हे वाक्य ऐकून जिना उतरतो. पुढे 2015 मध्ये राज्य सरकारने तो आराखडा महापालिकेच्या हातून काढून विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दिला. मंजुरी मिळाली ती जानेवारी 2017 मध्ये. आराखडा होता 2007 ते 2027 या काळाचा. त्यातली पहिली दहा वर्षे मंजुरीतच गेली.

या सगळ्या काळात लोकांच्या हातात होता तो नकाशा. आणि नकाशा वाचता येणे ही शिकण्याची गोष्ट आहे, ती आपल्याला कोणी शिकवलेली नाही. पिवळा रंग निवासी, अमुक रेघांचा पट्टा म्हणजे प्रस्तावित रस्ता, तमुक खूण म्हणजे शाळेचे आरक्षण. आपले घर नकाशात शोधायलाच माणसाचा अर्धा तास जातो. सापडलेच तर त्यावरून गेलेली रेघ रस्त्याची आहे, नाल्याची आहे की छपाईतली, याचा उलगडा व्हायला ओळखीचा आर्किटेक्ट लागतो. 'रस्ता 24 मीटर रुंद' हे वाचून कोणाच्याच डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही. तेच जागेवर नेऊन फक्की मारून दाखवा. या दुकानाच्या शटरपासून समोरच्या तिसऱ्या घराच्या मोरीपर्यंत. मग बघा, कसे प्रश्न येतात. वडाचे झाड रेषेच्या आत की बाहेर? देवळाच्या पायऱ्या? रिक्षा स्टँड कुठे जाणार? पावसाळ्यात या कोपऱ्यावर गुडघाभर पाणी साठते, ते नव्या रस्त्यावर कुठे वळवणार? यातला शेवटचा प्रश्न बऱ्याचदा अभियंत्यालाही नवा असतो, कारण त्याने ती जागा उन्हाळ्यात पाहिलेली असते.

महापालिकेला पायी फिरता येत नाही, असे म्हणवत नाही. दोन्ही पालख्या पुण्यात यायच्या आधी अधिकारी मार्गाची पाहणी करतात, खड्डे बुजतात, लोंबत्या तारा वर जातात, फांद्या छाटल्या जातात. गणपतीच्या आधी विसर्जनमार्गावर पोलीस, महापालिका आणि मंडळांचे कार्यकर्ते यांचे पाहणी दौरे होतात. कार्यकर्ता टेप लावून सांगतो, इथे कमान अडेल, तिथे वायर खाली आहे. लोकांना बरोबर घेऊन रस्ता तपासायची ही आपली जुनी रीत आहे. ती फक्त उत्सवापुरती राखून ठेवलेली आहे.

उत्सवाबाहेर ती न वापरल्याने काय होते, ते 2021 मध्ये लकडी पुलावर दिसले. वनाजकडून येणारा मेट्रोचा मार्ग या पुलावरून जातो, आणि विसर्जन मिरवणुकीचे काही रथही याच पुलावरून जातात. मंडळांचे म्हणणे पडले की मेट्रोच्या पुलाखालून उंच रथ निघणार नाहीत. बैठका झाल्या, आंदोलने झाली, काम काही काळ थांबले, अखेर मार्ग ठरल्या जागीच पूर्ण झाला. मला स्वतःला रथांची उंची आवरणे हे मेट्रो वर चढवण्यापेक्षा सोपे वाटत होते, अजूनही वाटते. पण मुद्दा तो नाही. मेट्रोचा मार्ग काही रातोरात ठरला नव्हता. नकाशे वर्षानुवर्षे उपलब्ध होते. तरीही ज्यांना या पुलावरची उंची इंचाइंचाने ठाऊक होती, ती माणसे आणि ज्यांनी खांबांची उंची ठरवली ती माणसे, वेळेवर एकत्र त्या पुलावर उभी राहिली नाहीत. तासाभराचे काम होते.

चालत फिरण्याने नियोजन सुधारते हा काही माझा शोध नाही. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नियोजनकार 1914 मध्ये हिंदुस्थानात आला, आणि 1919 पासून काही वर्षे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा पहिला प्राध्यापक होता. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये हे त्याच्याच हाताखालून गेलेले. इथल्या गावागावांत गेडिस आधी बोळ न् बोळ तुडवी, मग कागद हातात घेई. रोगाचे निदान आधी, उपचार नंतर, ही त्याची पद्धत. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढायला निघालेल्या अभियंत्यांशी तो भांडे, आणि त्याच वस्तीतली दोन-चार पडकी घरे काढून, एखादी विहीर साफ करून, चौकात झाड लावून तेवढेच काम कमी खर्चात होते हे दाखवून देई.

त्याची खरी गंमत पाहायची तर होळकरांच्या इंदुरात. प्लेगचे दिवस होते, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीचा काळ. लोक घरे साफ करीनात, सरकारी माणसाला दार उघडीनात. गेडिसने दरबाराकडून दिवाळीच्या मिरवणुकीची सूत्रे मागून घेतली आणि जाहीर केले की यंदा मिरवणूक ठरलेल्या रस्त्याने जाणार नाही. ज्या आळीतली घरे सर्वांत स्वच्छ आणि डागडुजी केलेली असतील, त्या आळीतून जाईल. सगळे गाव झाडूनपुसून लख्ख झाले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भलीमोठी प्रतिमा होती, झाडूवाल्यांना मानाने चालवले होते, मागे नव्या शहराच्या आराखड्याची चित्ररूपे होती. आराखडा लोकांपुढे मांडायचा म्हणजे भिंतीला नकाशा लावून हरकती मागवायच्या, एवढीच कल्पना ज्यांची आहे त्यांनी हे प्रकरण मुळातून पाहावे. मिरवणुकांच्या बाबतीत इंदूरने पुण्याला शिकवावे असे काही नाही, म्हणून तर जास्त वाईट वाटते.

पुण्यात अशा फेरीची सर्वांत जास्त निकड कुठे असेल, तर नदीकाठी. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे 44 किलोमीटरच्या नदीकाठ सुधार योजनेचे भूमिपूजनही 2022 च्या त्याच मार्चमध्ये झाले आणि संगमवाडी ते बंडगार्डन या टप्प्यात काम दिसू लागले. समर्थक म्हणतात, नदीला पाठ फिरवून बसलेले शहर पुन्हा काठावर येईल, बांधीव काठामुळे पूर आटोक्यात राहील. विरोधक म्हणतात, पात्र आक्रसेल, काठची झाडी जाईल, आणि मैलापाणी थांबल्याशिवाय घाट बांधून काय उपयोग. दोन्ही बाजूंची सादरीकरणे मी पाहिली आहेत. एकीकडच्या पडद्यावर निळेशार पाणी, दुसरीकडच्या पडद्यावर तोडलेली झाडे. सभागृहात बसून यातले काय खरे हे ठरवणे अशक्य आहे. माझा स्वतःचा कल विरोधकांकडे आहे, हे लपवत नाही. जीवितनदीसारख्या संस्था मुठेकाठी नदीफेऱ्या काढत आल्या आहेत. त्या फेरीत चाललेल्या माणसाला निदान एवढे कळते की नदी म्हणजे दोन रेषांमधले पाणी नाही. तिला ओढे मिळतात, झरे मिळतात, काठाला ओल असते, त्या ओलीवर झाडे आणि झाडांवर पक्षी असतात. पण या फेऱ्यांना योजनेचा अभियंता नसतो, आणि योजनेच्या पाहणीला या फेऱ्यांमधली माणसे नसतात. दोघांनी आपापली नदी वाटून घेतल्यासारखे झाले आहे.

पूररेषेचे उदाहरण घ्या. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. दोन्ही नकाशावर आहेत. जमिनीवर त्या कुठे आहेत हे फ्लॅट घेणाऱ्याला माहीत नसते आणि विकणारा सांगत नाही. 25 जुलै 2024 रोजी खडकवासल्यातून सुमारे 35 हजार क्युसेक पाणी सुटले आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत सोसायट्यांच्या तळमजल्यांत पाणी शिरले, तेव्हा अनेकांना आपण कोणत्या रेषेच्या आत राहतो याचा पत्ता लागला. 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर पाहिलेली माणसे अजून आहेत. पेठांमधून त्यांना बरोबर घेऊन चाला, ती भिंतीवर हात ठेवून सांगतील, पाणी इथवर होते. अशी एक फेरी दर पावसाळ्याआधी काढावी आणि जाता जाता खांबांवर, कुंपणाच्या भिंतींवर निळा आणि लाल पट्टा रंगवत जावे. रंगाचा खर्च तो कितीसा! पण जागांचे भाव पडतील या भीतीने हे कोणी करणार नाही, अशी माझी अटकळ आहे.

आंबिल ओढ्याची गोष्ट तर फेरी म्हणूनच सांगायला हवी. कात्रजकडून निघणारा हा ओढा पूर्वी गावातून वाहत मुठेला मिळत असे. पेशवाईत तो पर्वतीच्या बाजूने वळवला. म्हणजे पुण्याच्या नियोजनाचे हे सर्वांत जुन्या कामांपैकी एक, आणि त्याचे परिणाम आजही चालू आहेत. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री याच ओढ्याने सहकारनगर, टांगेवाला कॉलनी, दांडेकर पूल असा हाहाकार केला. शहर-जिल्ह्यात त्या पावसाने 20 हून अधिक जीव घेतले. त्यानंतर ओढा सरळ करण्याची योजना निघाली आणि 24 जून 2021 रोजी, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत घरे पाडायला जेसीबी आले. त्याच दिवशी न्यायालयाची स्थगिती आली, पण तोवर अनेकांचे संसार रस्त्यावर आले होते. कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत कोणी एक सकाळ ओढ्याच्या कडेने चालला, तर त्याला दिसेल की वरच्या अंगाला पात्रात भराव टाकून, सीमाभिंती पुढे सरकवून ओढा अरुंद करणारे वेगळे, आणि खालच्या अंगाला अतिक्रमण म्हणून नोटीस मिळणारे वेगळे. पुलावर उभे राहून पाहिले तर फक्त खालचे दिसतात.

याच्या उलट एक काम येरवड्यात झाले. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या नागरी नूतनीकरण योजनेच्या काळात तिथल्या काही वस्त्यांमध्ये झोपड्या हटवून इमारती बांधण्याऐवजी, कच्ची घरे आहेत त्याच जागी 270 चौरस फुटांची पक्की करून देण्यात आली. महिला मिलन या वस्त्यांमधल्या बायकांच्या संघटनेच्या कार्यकर्त्या दारोदार फिरल्या, कोणते घर कच्चे, कोणते पक्के याची नोंद झाली, बोळ कुठे रुंद करता येईल, दोन शेजाऱ्यांनी मिळून जिना बांधला तर किती जागा वाचेल, हे त्या-त्या बोळात उभे राहून ठरले. कामाला वेळ लागला, सगळ्यांचे समाधान झाले असेही नाही. पण गेडिस पाहता तर त्याला ही पद्धत ओळखीची वाटली असती. वारसाफेऱ्यांच्या यादीत येरवड्याचे हे बोळ कधी आलेले मी पाहिलेले नाहीत. यायला हवेत.

फसलेल्या कामांचीही एक फेरी हवी, आणि ती महापालिकेनेच काढावी. 2006 च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातला पहिला बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेला मार्ग, सुरू झाला, त्याचे काय झाले? नगर रस्त्यावरच्या बीआरटीचा काही भाग नंतर उखडला, तो का? विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल 2020 मध्ये, उभा राहून जेमतेम दीड दशक झाले असताना, पाडला. आधीच्या गणितात चूक काय होती? भाड्याच्या सायकली आल्या आणि गेल्या. दवाखान्यात रोगी दगावला तर डॉक्टर एकत्र बसून कारणे शोधतात; आपल्याकडे पूल पाडला की राडारोडा उचलला जातो आणि नव्या पुलाचे संकल्पचित्र फलकावर चढते. बीआरटीच्या थांब्यापाशी उभे राहून म्हाताऱ्या माणसाला रस्त्याच्या मध्यावरच्या त्या थांब्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून पाहिले तरी अहवालाची बरीच पाने लिहावी लागणार नाहीत.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा की हे सगळे फावल्या वेळेतले धंदे आहेत. रविवारी सकाळी सात वाजता बूट घालून यायला कोथरूड-औंधची निवृत्त मंडळी मोकळी असतात. धुणीभांडी करणारी बाई, पथारीवाला, बांधकामावरचा मजूर तेव्हा कामावर असतो. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. शहरात सर्वांत जास्त चालतात ते हेच लोक, आणि कोणत्याही वॉकला येत नाहीत तेही हेच. उपाय अवघड नाही: फेरी त्यांच्या वेळेला काढा. संध्याकाळी, बसथांब्यापासून वस्तीपर्यंत, हे लोक ज्या वाटेने घरी जातात त्याच वाटेने. मराठीत आणि जिथे लागेल तिथे हिंदीत. एका प्रकल्पाच्या अशा दाखवण्याच्या कार्यक्रमाला मी गेलो होतो. सगळे बोलणे इंग्रजीतून, हातात गुळगुळीत कागदाची चित्रे. चित्रात रुंद पदपथ, सायकलस्वार, फुगे घेतलेली मुलगी. गर्दी बघून थांबलेल्या पेरूवाल्याने चित्र हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि विचारले, "यात गाडी कुठं लावायची आमी?" त्याला उत्तर मिळाले नाही. चित्रात खरोखरच गाडी नव्हती.

ज्यांना चालता येत नाही त्यांचे काय, असेही विचारले जाते. त्यांना तर पहिल्यांदा बोलवावे. व्हीलचेअर जिथे अडेल तिथे फेरी थांबवायची आणि का अडली ते लिहून घ्यायचे. त्याहून चांगली तपासणी कोणत्याही सल्लागार कंपनीला जमणार नाही.

दुसरा आक्षेप अधिकाऱ्यांचा: अशाने कामे रखडतील, प्रत्येक चौकात दहा जण ओरडायला उभे राहतील. ओरडतील, खरे आहे. पण कामे सध्याही रखडतात, आणि रखडतात ती खांब उभे राहिल्यावर, कोर्टाच्या स्थगितीने, ठेकेदाराचा भाववाढीचा दावा सुरू असताना. तेच भांडण कागद बदलायला पेन्सिल पुरते तेव्हा झालेले स्वस्त पडते.

तिसरा आक्षेप सहसा उघड बोलला जात नाही, पण खरा तोच आहे. प्रस्तावित रस्ता जागेवर नेऊन दाखवला की जमिनीचे भाव हलतात, दलाल गोळा होतात, म्हणून गुप्तता बरी. हडपसरपलीकडे किंवा सूस-महाळुंगेकडे गुंठ्यांचे व्यवहार ज्यांनी जवळून पाहिले आहेत, ते यावर हसतील. ज्याला कळायला नको त्याला आराखडा आधीच कळलेला असतो. गुप्ततेने अंधारात राहतो तो चार गुंठ्यांचा मालक, ज्याच्या विहिरीवरून रस्ता जाणार आहे, आणि बँकेचे कर्ज काढून वन-बीएचके घेणारा. सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच वेळी, जागेवर दाखवणे हा दलालीवरचा इलाज आहे.

राहिला प्रश्न, या फेऱ्या काढायच्या कोणी. ज्याचा प्रकल्प त्याने एकट्याने काढू नये, एवढे मला नक्की वाटते. तशी फेरी जाहिरात होते. आणि ज्याचा विरोध त्याने एकट्यानेही नको, ती मोर्चा होते. अमेरिकेत आणि कॅनडात राहिलेल्या, शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांच्या स्मरणार्थ 2007 पासून टोरांटोत आणि मग जगभर मे महिन्याच्या सुरुवातीला नागरिक आपापल्या भागात फेऱ्या काढतात, ती चाल चांगली आहे. पण तिथे फेरीत ऐकलेले महापालिकेपर्यंत पोचेलच याची खात्री नसते. मला हवी ती फेरी तीन जणांनी मिळून नेलेली: प्रकल्पाचा अभियंता, तिथला कोणी जुना रहिवासी, आणि प्रकल्पावर आक्षेप असलेला कोणी जाणकार. बोलावणे क्षेत्रीय कार्यालयाचे, नोंदी ठेवायला सीओईपी या अभियांत्रिकी विद्यापीठातले किंवा वास्तुकलेच्या एखाद्या महाविद्यालयातले विद्यार्थी. अभियंत्याला 'वरून आदेश आहेत' यापलीकडे बोलायची मुभा असायला हवी. ती मिळणे अवघड आहे, पण मी अनेक कनिष्ठ अभियंत्यांशी बोललो आहे, आणि जागेवर एकटे गाठले तर ते अहवालापेक्षा पुष्कळ खरे बोलतात.

नगरसेवक या फेरीत हवाच. मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षे महापालिका प्रशासकांच्या हाती होती, आणि त्या काळात कित्येक मोठ्या कामांचे निर्णय झाले. रस्त्यावर कॉलर धरावी असा कोणी लोकप्रतिनिधी वॉर्डात नव्हता. अंदाजपत्रकात नागरिकांनी कामे सुचवण्याची सोय पुण्यात 2006-07 पासून आहे, ती कौतुकाचीच आहे. पण अर्ज घरबसल्या भरला जातो, त्यामुळे त्यात बाकडी आणि पेव्हर ब्लॉक यांची मागणी पुन्हा पुन्हा येते. तेच अर्ज फेरीच्या शेवटी, जागेवर, भरून घेतले तर बाकड्याऐवजी गटाराचे झाकण किंवा वळणावरचा दिवा मागितला जाईल.

सुरुवात पेठांतून नको. पेठांना पुरेसे वाटाडे आहेत. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे महापालिकेत आली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे पुन्हा बाहेर काढली. उरुळीच्या कचरा डेपोमुळे वर्षानुवर्षे शहराचा कचरा सोसलेल्या या गावांना शहरात आत-बाहेर करताना तिथल्या किती लोकांना विचारले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. बाकीच्या गावांत मात्र अजून खूप काही ठरायचे आहे: कोणता रस्ता कुठून जाईल, कोणता ओढा नकाशावर राहील, शाळेचे आरक्षण कोणाच्या शेतात पडेल, टेकडीचा उतार कोणाच्या नावे होईल. महापालिकेच्या भाषेत ज्यांना 'मिसिंग लिंक' म्हणतात असे अर्धवट रस्ते, जे एखाद्या भिंतीला किंवा उसाच्या फडाला जाऊन थांबतात, ते इथे जागोजागी आहेत. त्यातला एक निवडावा. कामावरची माणसे परत येतात त्या वेळेला, संध्याकाळी सहाला जमावे. अभियंत्याने टेप आणि फक्कीची पिशवी आणावी, रस्त्याच्या दोन्ही कडा मारून दाखवाव्यात, लोक काय म्हणतात ते विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावे. आणि तो कागद दुसऱ्या दिवशी क्षेत्रीय कार्यालयात देऊन त्यावर आवक क्रमांक घ्यावा, सुनावणीत त्याला हरकतीचा दर्जा मिळावा आणि समितीने, होकार असो वा नकार, कारणासह लेखी उत्तर द्यावे.